निंभोरखेडचा हिरवा ठिपका

१

रामरावांचा जीव गेला तो नबीच्या जीपमध्ये, निंभोरखेडच्या आरोग्य केंद्राहून अकोल्याकडे जाताना. खडकदरी गावात पुढे कित्येक दिवस एवढ्या एकाच गोष्टीवर बोलणं चाललं. साप चावला याचं कुणाला नवल नव्हतं. सोयाबीन मांडीला लागलं की साप निघतातच. लोक विचारत होते ते हे, की जीप आधी उलट्या दिशेला गेलीच कशी?

खडकदरीच्या फाट्यावर दोन रस्ते फुटतात. एक बार्शीटाकळीवरून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जातो. दुसरा निंभोरखेडला जातो. ते जवळ आहे, पण अकोल्याच्या विरुद्ध अंगाला. विष चढलेला माणूस गाडीत घेऊन नबीनं हा दुसरा रस्ता धरला. निंभोरखेडला डॉक्टर भेटले आणि म्हणाले, लस संपली आहे, ताबडतोब अकोल्याला न्या. जीप वळली. बार्शीटाकळी मागे पडली, तेव्हा रामरावांचा श्वास थांबला होता.

"पान हिरवं होतं," नबी सांगत राहिला. "अल्लाकसम, म्या पायलं. निंभोरखेडपुढं हिरवा ठिपका होता."

हे पान म्हणजे मोबाइलवर उघडणारी एक यादी. अकोल्याच्या मोर्णाकाठ सेवा मंडळानं ती सुरू केली होती. तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राचं नाव, आणि नावापुढे एक ठिपका. हिरवा असला तर सापाच्या विषावरची लस तिथे मिळेल. लाल असला तर तिथे थांबू नका, पुढे जा. मंडळानं एसटीच्या थांब्याथांब्यावर त्याच्या पाट्या लावल्या होत्या.

रामरावांचा मुलगा बंडू अकोल्यात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. नबीचा फोन आल्यावर तो दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. जीप आली, बंडूनं बापाचा हात धरला आणि त्याला कळलं. नबी रडत रडत हिरव्या ठिपक्याचं सांगू लागला, तसं बंडूनं तिथेच, चार माणसांसमोर आपल्या मोबाइलवर ते पान उघडलं.

निंभोरखेडपुढे लाल ठिपका होता.

"दाखव," बंडू म्हणाला. "तुह्या मोबाइलवर दाखव."

नबीनं आपला मोबाइल काढला. त्यावरही लाल.

२

कुमुद ही रामरावांची थोरली मुलगी. अमरावतीच्या एका महाविद्यालयात ती ग्रंथपाल होती. ती पोचली तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि तलाठी बंडूला हळू आवाजात विचारत होता, "औषध तर नाई ना घेतलं त्याईनं?" शेतकरी फवारणीचं औषध पिऊन जीव देत होते, त्या वर्षांत वऱ्हाडात कुणाच्याही दारात पहिला प्रश्न हाच यायचा. साप म्हटल्यावर तलाठ्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. कुमुदनं ते पाहिलं आणि ती आत गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर बंडूनं आपलं ठरलेलं सांगून टाकलं. "तेरवी होऊ दे. मंग ठाण्यात जातो. नबीनं जाणूनबुजून तिकडं नेलं. त्या दिवशी निंभोरखेडचा बजार होता, ताई. त्याले तिकडं काम होतं."

"नबीभाऊनं? बंडू, तू त्याच्या घरात शिरखुर्मा खाऊन मोठा झालास."

"म्हणूनच अंगाची आग होते ना."

गावानं बंडूच्या आधीच निकाल दिला होता. नबीची जीप फाट्यावर उभी असायची आणि खडकदरीची माणसं तिच्या बाजूनं चालत पुढे जाऊन दुसऱ्या गावच्या गाडीची वाट बघायची. त्याच्या जीपमध्ये कुणी बसत नव्हतं. कुणी भांडतही नव्हतं.

कुमुद नबीच्या घरी गेली. त्याची बायको हलीमाबी दारात धान्य निवडत होती. तिनं पाट पुढे सरकवला आणि पुन्हा धान्याकडे वळली.

"नबीभाऊ, सकाळपासून सांगा."

"शेतातून वरडले काकाजी. म्या धावत गेलो. पाय बांधला, गाडीत घातलं, मोबाइल काढला. पान उघडलं. निंभोरखेड हिरवं. काकाजीच म्हणे, जवय हाय तं तिकडंच घे बावा."

"बाबा बोलत होते?"

"बोलत होते. जीव जाईलोक बोलत होते. तुमची आठोन काढली." त्यानं मान खाली घातली. "केंद्राच्या अलीकडंच मंडळाची रुग्णगाडी समोरून आली. श्रावण होता चालवाले. म्या हात केला. थांबला नाई तो, अकोल्याकडंच गेला."

कुमुदनं पुढचा प्रश्न विचारला. तो विचारायचा नव्हता, पण विचारला. "बंडू म्हणतो, तुमचं निंभोरखेडला काम होतं."

नबीनं बायकोकडे पाहिलं. हलीमाबीचा हात धान्यात थांबला.

"होतं," नबी म्हणाला. "हिचं शिवणयंत्र बिघडलं होतं. बजाराच्या दिशी कारागीर बसते तिथं. सकायीच गाडीत ठेवलं होतं म्या."

३

यंत्र अजून जीपमध्येच होतं, पोत्यात गुंडाळलेलं. नबीनं ते निंभोरखेडला उतरवलं नव्हतं. यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. घाईत विसरला असेल, किंवा खरोखरच ते त्याच्या ध्यानीमनी नसेल.

कुमुदनं निंभोरखेड गाठलं. डॉक्टर रुग्ण तपासत होते, म्हणून ती आधी परिचारिका केशरबाईंना भेटली. केशरबाई जाड, बोलक्या होत्या आणि आपल्यावर काही शेकेल या भीतीनं आणखीच बोलत होत्या.

"लस तुमच्या बाबांच्या आठवडाभर आधीच संपली, बाई. म्या स्वतः कंपूटरवर शून्य टाकलं. हे पहा." त्यांनी दाखवलं. मंडळानंच दिलेला संगणक होता. त्यात लसीपुढे शून्य होतं, आणि ते रामरावांना साप चावण्याच्या कितीतरी आधी टाकलेलं होतं. "आता सांगा, शून्य असल्यावर ठिपका हिरवा कसा होईन? तुमच्या गाडीवाल्यानं पायलंच नसन. मनानंच आला असन."

"डॉक्टरांची नोंद कुठे होते?"

"इथंच. साहेब येऊन बसले का हजर दाबतात. उठले का काढतात. दुपारून अकोल्याले जातात ते, तिकडं घर हाय. मंग बोलावलं तरी येनं होत नाई. तेबी टाकलेलं असते, बोलावता येते का नाई ते. सगळं खरं खरं टाकतो आमी."

"लस नसताना माणसं येतात का तरी?"

"येतात तं! तुमच्या बाबांच्या आधी दोघं आले असे. परत पाठवले. अन् गंमत पहा," केशरबाई हसल्या, मग कुणासमोर हसतो आहोत ते लक्षात येऊन थांबल्या. "येतात ते साहेब बसले असतानाच येतात. साहेब गेले का सापाचा माणूस एकबी नाई. सापालेबी साहेबाची वेळ कळते म्हणतो आमी."

कुमुद जायला उठली होती. ती परत बसली.

"रुग्णगाडी येते का इथे? मंडळाची?"

"लस असली का येते. नसली का येत नाई. श्रावण लई हुशार हाय, त्याले कसं कळते कोन जाणे."

४

श्रावण अकोल्याला मंडळाच्या आवारात गाडी धूत होता. रामरावांचं नाव निघताच त्यानं फडकं बादलीत टाकलं.

"ताई, म्या थांबाले पाह्यजे होतं. पण गाडीत साप चावलेलीच बाई होती, पलीकडच्या वस्तीवरची. तिचे डोये मिटून राहिले होते. मले काय ठाव नबीच्या गाडीत कोन हाय. वाटलं, सवारीसाठी हात करून राहिला."

"ती बाई वाचली?"

"वाचली." त्यानं हे अपराध्यासारखं सांगितलं.

"तुम्ही निंभोरखेडच्या फाटकासमोरून गेलात. आत डॉक्टर बसलेले होते. मग आत का नाही नेलंत?"

"लाल होतं ना ताई. म्या निंघताना मोबाइलवर पायलं. निंभोरखेड लाल. मंग काहून थांबू?"

कुमुदनं आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला. पाटीवरचं ते पान उघडलेलं होतं. "हेच पान पाहिलंत?"

"हे नाई. हे पब्लिकचं. आमचं डायवर लोकाईचं अलग हाय." त्यानं आपला मोबाइल काढून दाखवला. तीच नावं, तसेच ठिपके. फक्त वर 'रुग्णवाहिका' असं लिहिलेलं. "दोन्हीत एकच तं माहिती असते. केंद्रवाले टाकतात तीच."

एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर, समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या. एकीच्या चालकाला निंभोरखेड लाल दिसलं, दुसरा म्हणतो हिरवं दिसलं. एकतर नबी खोटं बोलत होता, नाहीतर एकाच माहितीतून दोन पानं दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद खडकदरीच्या घराच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसली. बंडू आतून बाहेर, बाहेरून आत करत होता. "पेपर वाचल्यासारखी काय पाहून राहिली त्याच्यात?" निंभोरखेड लाल होतं. ती पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली. आळीतली गुरं रानात गेली, ऊन ओट्यावर आलं, आणि एकदा पान उघडलं तर ठिपका हिरवा होता.

तिनं केशरबाईंना फोन लावला. "लस आली का हो?"

"कुठची येते बाई! शून्यच हाय."

"मग आत्ता काय झालं तिथं?"

"काय होईन? काई नाई. साहेब आले, खुर्चीत बसले."

५

"म्हणजे ते पान लसीचं सांगतच नाही," कुमुद बंडूला म्हणाली. "डॉक्टर खुर्चीत बसला की हिरवं होतं, उठला की लाल. नबीभाऊनं पाहिलं तेव्हा डॉक्टर बसलेला होता. बाबांना त्यानंच तर परत पाठवलं. तू पाहिलंस तेव्हा दुपार कलली होती, डॉक्टर निघून गेला होता. दोघांनीही खरंच पाहिलं."

बंडूनं हिरवा ठिपका पाहिला.  "आज हिरवं झालं म्हणून त्या दिवशीबी होतं, असं कोन म्हणते? बिघडलं असन आज."

"बिघडलं असेल तर दोन्ही पानं बिघडायला हवीत. श्रावणचं आत्ताही लाल आहे. मी विचारलं."

"तू नबीचं वकीलपत्र घेतलं का?"

कुमुदनं पुन्हा मोबाइल हातात घेतला. मंडळाच्या पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरांत, ते बनवणाऱ्यांचा अमरावतीचा पत्ता होता. तिनं पिशवी भरली आणि गाडी धरली.

राजकमल चौकापासून आत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे चारपाच संगणक आणि एक कूलर होता. पान बनवणारी मुलगी प्राजक्ता. ती कुमुदला बघून उभीच राहिली. "मॅडम, तुम्ही? मी तुमच्या लायब्ररीत बसायची. खिडकीजवळ."

कुमुदला आठवली नाही. तिनं कामाचं सांगितलं. कोण गेलं तेही सांगितलं, एका वाक्यात.

प्राजक्ताचा हात संगणकावर गेला आणि तिथेच राहिला. मग तिनं दोन पानांचा आतला मजकूर उघडून पडद्यावर शेजारी शेजारी लावला.

"हे ड्रायव्हरचं. यात एकीच्या पोटात एक अशा दोन अटी आहेत. पहिली, लस शिल्लक आहे का? नसेल तर लाल, पुढे बघायचंच नाही. असेल तरच आतली अट बघायची. डॉक्टर हजर आहे, किंवा बोलावल्यावर येईल? तर हिरवं."

"आणि हे लोकांचं?"

"यात एकाच ओळीत सगळं आहे. डॉक्टर हजर किंवा डॉक्टर बोलावता येतो आणि लस शिल्लक."

"दोन्हीचा अर्थ एकच झाला की."

"तुमच्यासाठी, मॅडम." प्राजक्ता अडखळली. "समजा लायब्ररीत कुणी पाटी लावली, शिक्षक किंवा विद्यार्थी आणि कार्ड असेल, तर पुस्तक द्यावं. तुम्ही काय समजाल?"

"दोघांनाही कार्ड लागेल."

"संगणक तसं समजत नाही. तो 'आणि' आधी जोडतो. विद्यार्थी आणि कार्ड, ही एक जोडी. शिक्षक एकटाच सुटा राहतो. म्हणजे विद्यार्थ्याला कार्ड हवं, आणि शिक्षक आला की कार्ड नसलं तरी पुस्तक द्यायचं."

"आमच्याकडे तसंच चालतं," कुमुद म्हणाली. प्राजक्ताला हसावं की नाही ते कळलं नाही.

"इथे डॉक्टर हजर ही अट सुटी राहिली. डॉक्टर हजर असला की झालं. लसीकडे तो बघतच नाही. एरवी आपण कंस घालतो, पण ज्या भाषेत हे पान लिहिलंय, तिच्या अटीत कंस चालत नाहीत. म्हणून तर मी ड्रायव्हरच्या पानात एकीच्या पोटात दुसरी अट घातली."

"म्हणजे तुला माहीत होतं."

प्राजक्तानं पडद्यावरून नजर काढली. 

"ड्रायव्हरचं पान तू बरोबर केलंस. लोकांचं चुकीचं. चूक नकळत झाली असती तर दोन्हीकडे झाली असती, किंवा कुठेच नाही. कुणाला तरी माहीत होतं कुठलं पान बरोबर ठेवायचं आणि कुठलं नाही."

"लोकांचंही मी आधी बरोबरच केलं होतं, मॅडम," प्राजक्ता म्हणाली. "ते बदलायला लावलं."

६

मोर्णाकाठ सेवा मंडळाचे सचिव सूर्यभानजी यांनी कुमुदला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रामरावांबद्दल दुःख व्यक्त केलं. शुभ्र कपडे, मऊ बोलणं. भिंतीवर उद्घाटनाचा फोटो होता. पाहुण्यांच्या हातात रिमोट, मागे मोठ्या पडद्यावर तेच पान, आणि पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रांग.

"त्या दिवशी तालुक्यात एवढी लस होती?" कुमुदनं फोटोकडे बघत विचारलं.

"आकडे तर मला आता पाठ नाहीत, बाईसाहेब."

"प्राजक्ताला पाठ आहेत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिनं तुम्हाला पान दाखवलं. जवळजवळ सगळं लाल. तुम्ही म्हणालात, पाहुण्यांना हे दाखवू? मग तुम्ही तिला फोनवर ओळ सांगितली. डॉक्टर असला, किंवा बोलावता येत असला, आणि लस असली, की हिरवं कर. एका ओळीत कर. तिनं जशी सांगितली तशी लिहिली, आणि पान हिरवंगार झालं."

"झालं ना मग? मी सांगितलं ते बरोबरच होतं. लिहिण्यात तिची चूक. पोरीसोरी आहेत, होतं असं."

"तिनं तेव्हाच तुम्हाला कळवलं की लस नसतानाही हिरवं दिसतंय."

"मला नाही आठवत."

"मग रुग्णवाहिकेचं पान का नाही बदललंत?"

सूर्यभानजींनी पेला उचलला होता, तो तोंडाला न लावता खाली ठेवला.

"तुम्हाला ती ओळ खरोखर बरोबर वाटत असती, तर ती दोन्ही पानांना लावली असती. तुम्ही प्राजक्ताला बजावलंत, ड्रायव्हरच्या पानाला हात लावू नको. कारण मंडळाची गाडी फुकट फेऱ्या मारून आली असती. श्रावणनं चारचौघांत बोंब मारली असती. मंडळाच्या गाडीला खरं दिसायला हवं होतं. आमच्या गाड्यांना नाही."

सचिव खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांचा आवाज बदलला. मऊपणा गेला आणि वऱ्हाडी आली.

"एक सांगू बाई? सगळं लाल पायलं का लोकं घरीच बसतात. मांत्रिक बोलावतात, कडूनिंब चारतात. हिरवं पायलं का निदान गाडीत तं बसतात. घरून निघाला तो माणूस कुठंतरी पोचतेच."

"माझे बाबा गाडीत बसलेले होते," कुमुद म्हणाली. "फक्त कुठल्या बाजूला वळायचं तेवढं त्यांना हवं होतं."

 सूर्यभानजींनी फोन उचलून अमरावतीला लावला. "प्राजक्ता, ते लोकांचं पान डायवरच्या पानासारखं करून टाक. हो, आत्ताच." फोन ठेवला.  थोड्या वेळानं सचिवांनी आपला मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

डॉक्टर दुपारपर्यंत बसतात आणि दुपार अजून व्हायची होती. तरी निंभोरखेड लाल झालं होतं. त्याच्या वरचं नाव लाल, खालचं लाल. वरपासून खालपर्यंत तालुका लाल होता. मधे कुठेतरी एकुलता हिरवा ठिपका राहिला होता, आणि ते केंद्र तालुक्याच्या पार टोकाला होतं.

"घ्या," सूर्यभानजी म्हणाले. "आता पान बरोबर हाय. तुमच्या भावाले दाखवा, कुठं चूक दिसते ते."

कुमुद जिना उतरताना तिच्या लक्षात आलं. पान दुरुस्त झालं, त्यासोबत नबीच्या बाजूचा पुरावाही पुसला गेला होता. उद्या सकाळी डॉक्टर खुर्चीत बसेल आणि ठिपका लालच राहील.

७

तेरवीच्या दिवशी प्राजक्ता खडकदरीला आली. कुमुदनं तिला बोलावलं होतं, पण ती येईल असं तिला वाटलं नव्हतं. कुमुदला सगळं सांगितल्यापायी मंडळाचं काम तिच्या हातून गेलंच होतं. मुलगी एसटीतून उतरली ती पाठीवर संगणकाची पिशवी घेऊन. पंगती उठल्यावर अंगणात बंडू, भावकीतली चार माणसं आणि ज्यांच्यासमोर नबीवर आळ आला होता त्यातले दोघं बसले.

जुनं पान तिच्याजवळ जपून ठेवलेलं होतं. तिनं लस शून्य केली, डॉक्टर हजर केला. निंभोरखेड हिरवं. डॉक्टर काढला. लाल. पुन्हा हजर केला. हिरवं. भावकीतल्या नत्थुजींनी तिला चारदा करायला लावलं आणि चौथ्यांदा म्हणाले, "हे तं बावा विजेच्या बटनासारखं हाय. लस कुठं बसली मंग याच्यात?"

"कुठंच नाही, काका."

"अन् हे तू केलं?"

"हो," प्राजक्ता म्हणाली. "सांगितलं म्हणून केलं. पण केलं मी."

नत्थुजींनी बंडूकडे पाहिलं. बंडू पडद्याकडे बघत नव्हता. तो उंबऱ्यावर बसून पत्रावळीची काडी मोडत होता.

"देत नाई तक्रार," तो शेवटी म्हणाला.

"एवढंच?" कुमुदनं विचारलं.

"मंग काय करू? पाया पडू त्याच्या?" बंडू उठला. "अकोल्याच्या त्या सचिवाले म्या पायलंबी नाई, ताई. त्याच्यावर कसा चिडू? दोन ओळी कुठं इकडच्या तिकडं झाल्या म्हणून बाप गेला, हे डोक्यात कसं घालू? नबी समोर होता. दिसत होता." तो मागच्या अंगणात गेला, आणि बराच वेळ तिकडून हापशाचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी कुमुद नबीच्या घरी गेली. दारासमोर जीप उभी होती. तिच्यावर दोरीनं बांधलेली लोखंडी खाट, पत्र्याची कोठी, हंडे. हलीमाबी आतून गाठोडी आणून देत होती, नबी वर चढून बांधत होता.

"नबीभाऊ, हे काय?"

"अकोल्याले जाऊन राहिलो. हिच्या भावाजवय. तिकडंच गाडी चालवीन."

"पण आता सगळ्यांसमोर सिद्ध झालंय. बंडूनं तक्रार सोडली. नत्थुजी उद्या तुमच्याच गाडीनं बार्शीटाकळीला जातो म्हणालेत."

"कानावर आलं." नबी खाली उतरला. त्यानं हात पुसले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी लई धावल्या, ताई. अमरावती केलं, अकोला केलं. कोन करते एवढं? उपकार हायेत तुमचे."

"उपकार कसले?"

"नाई, हायेत. फक्त एक इचारतो. राग नका मानू. काकाजीसंगं अर्धी उमर काढली म्या. म्या म्हटलं, हिरवं होतं. त्याच्यावर बंडूनं म्हटलं, नाई. मंग तुमी निंघाल्या, पता लावाले. नर्सले इचारलं, डायवरले इचारलं, कंपूटर पायलं. मंग तुमाले पटलं का नबी खरं बोलत होता." तो थांबला. "पयल्याच दिशी, माह्या तोंडावर पाहून, तुमाले पटलं होतं का?"

कुमुदच्या तोंडाशी 'हो' आलं होतं. ते तिला म्हणता आलं नाही.

नबीनं मान हलवली, जणू त्याला अपेक्षेप्रमाणेच उत्तर मिळालं. तो वळून दोरी आवळायला लागला. दारात एक गाठोडं राहिलं होतं. कुमुद वाकली आणि ते उचलू लागली.

हलीमाबीनं ते तिच्या हातातून घेतलं. हलकेच, पण घेतलं.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "तुमी पाव्हण्या."